फोडलेला कोबा

इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांचा एकुलता एक मुलगा गाड्या दुरुस्त करायचा. घरामागच्या मोकळ्या जागेत त्याने स्वतः सिमेंट कालवून कोबा घातला होता. सुट्टीच्या दिवशी तिथे बसून तो लोकांच्या मोटारसायकली खोलायचा. "आई, तो पाना दे गं जरा," अशी हाक आली की ताई हातातलं काम टाकून उठायच्या. मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि तरणाताठा पोरगा बघता बघता गेला.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर तो कोबा आणि त्यावरचे तेलाचे काळे डाग. ताईंनी खिडकी बंद ठेवून पाहिली, पडदा लावून पाहिला. शेवटी एका रविवारी त्यांनी मुलाचाच हातोडा आणि छिन्नी काढली.

पोराने काम चोख केलं होतं. दिवसभर घाव घालून ताटाएवढा तुकडा निघाला, हातांना फोड आले ते वेगळेच. खाली माती कुठली, नुसता मुरूम. ताईंनी पोत्यातून माती आणली, भोकं पाडलेल्या बादलीत भाजीची देठं कुजवली आणि कोथिंबीर पेरली. बी मुंग्यांनी नेलं. पुन्हा पेरली, ती पिवळी पडून मान टाकून बसली. ताई इरेला पेटल्या. दर सुट्टीला थोडा कोबा फुटायचा, थोडा वाफा वाढायचा. फुटक्या तुकड्यांचीच त्यांनी वाफ्यांना कड लावली. रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या लागल्या. न्हाणीघराचं पाणी पाइप जोडून झाडांकडे वळवलं, तर सांधा सुटून शेजारणीच्या दोरीवर फवारा उडाला.

"ताई, माझे वाळलेले कपडे पुन्हा धुतलेत तुम्ही!"

"धुलाईघरातला हात आहे, सवय जात नाही," ताई म्हणाल्या. किती दिवसांनी त्या हसल्या होत्या. हसू आलं म्हणून मग आत जाऊन रडल्याही.

नवरा निवृत्त बसचालक. तो दारात उभा राहून हे सगळं बघायचा. पहिली भेंडी निघाली तेव्हा ताईंनी कौतुकाने भाजी केली. त्याने वाटी बाजूला सारली.

"का हो, बरं वाटत नाही का?"

"त्याच्या हातचं काम होतं ते. मला तिथे तो दिसायचा. आता कुठे बघू मी?"

ताईंनी हातातला घास ताटात ठेवला. "मलाही तिथेच दिसायचा हो," त्या कशाबशा म्हणाल्या. "म्हणून तर फोडलं."

दोघंही मग जेवले नाहीत.

भिंतीलगत खाटेएवढा कोबा उरला होता. ताईंनी त्याला हात लावला नाही. काही दिवसांनी नवऱ्याने तिथे आपली खुर्ची नेऊन ठेवली. संध्याकाळी तो तिथे बसतो, डागांकडे बघत. ताई पाणी घालतात, त्याच्या पायांवर शिंतोडे उडू नयेत म्हणून पाइप जपून धरतात. बाग आता चांगली दाट झाली आहे, शेजारपाजारचे रोपं मागायला येतात.

नवऱ्यासाठी भाजी मात्र ताई अजून बाजारातूनच आणतात. चुलीवर दोन पातेली चढतात, एक त्याचं, एक त्यांचं.