बावड्याच्या हौसाआजी

मला बघायला म्हणून ती मंडळी बारामतीला आमच्या घरी आली, तेव्हा पोहे संपेपर्यंत सगळं रीतसर चाललं होतं. मुलाचे वडील शिक्षक. शिक्षण किती, शाळा कुठली, कितवीचा वर्ग शिकवता, असे प्रश्न त्यांनी हजेरी घेतल्यासारखे विचारले. मुलगा, म्हणजे अमोल, पोह्यांच्या बशीत बघत बसला होता. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पांढरं नऊवारी नेसलेली एक बारकीशी म्हातारी पाय वर घेऊन बसली होती. ती एकदम म्हणाली, "पोरी, तुला शिट्टी वाजवाय येती का?"

मुलाच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "नाही."

"मग शिकवाय लागल," ती अमोलच्या आईला म्हणाली, जणू लग्न ठरलंच. "डाळिंबावर पाखरं येत्यात. हिचा आवाज तर उंदरासारखा."

मला हसू आवरेना. लग्नाला होकार देताना मी अमोलचा विचार केला नव्हता असं नाही, पण त्या म्हातारीचा जरा जास्तच केला होता. ती अमोलची आजी. नाव हौसाबाई. ते नाव ठेवणाऱ्याला पुढचं सगळं दिसलं असावं.

लग्न होऊन मी इंदापूर तालुक्यातल्या बावड्याला आले. घरात सासू-सासरे, अमोल आणि हौसाआजी. सासऱ्यांना सगळं गाव गुरुजी म्हणायचं. हौसाआजीही पोटच्या मुलाला गुरुजीच म्हणायच्या, आणि त्यात थोडी थट्टा असायचीच.

आमच्या घरापासून दोन मिनिटांवर वस्तीतला विहार. हौसाआजी रोज सकाळी सहाला अंघोळ करून तिथं जायच्या. आधी झाडलोट, मग मेणबत्ती, मग वंदना. एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण पाली भाषेतली सगळी वंदना तोंडपाठ होती, फक्त तिला हेल बावड्याचा होता. वंदना झाली की मूर्तीसमोर मांडी घालून त्या घरातल्या बातम्या सांगायच्या. मी एकदा मागं उभी राहून ऐकलं. "नातसुनंच्या शाळंत आज सायेब येनार हाय. लई भ्यालीय. भाजीत मीठ टाकाय इसरली." गुरुजींना हे पटायचं नाही. ते म्हणायचे, "आई, बुद्धांकडं काही मागायचं नसतं."

"मागत न्हाय रं, सांगती. घरातल्या मानसाला सांगायचं नसतं का?"

गुरुजी पेपर उघडायचे.

पौर्णिमेला त्या अष्टशील पाळायच्या. दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही. वयाच्या पंचाहत्तरीतही त्यांनी हे सोडलं नाही. पण त्या दिवशी अकरा ते बारा हा एक तास बघण्यासारखा असायचा. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, वर वाटीभर दूध. नजर घड्याळावर आणि हात ताटात. एका पौर्णिमेला आमच्या भिंतीवरच्या घड्याळातला सेल उतरलेला होता. घड्याळात पावणेबारा झाले होते, आजींच्या हातात तिसरी पोळी होती, आणि अमोलनं मोबाइल बघून सांगितलं की साडेबारा वाजून गेलेत. आजींनी पोळीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. तोंडातला घास शांतपणे गिळला आणि उरलेली पोळी ताटात ठेवली. "आतापतूर खाल्ल्याचं पाप घड्याळाला," त्या म्हणाल्या. "सेल बदला त्याचा, ते बी उपाशी हाय."

पत्त्यांत मात्र त्या सरळसरळ लबाडी करायच्या. दुपारी शेजारच्या दोघी-तिघी आल्या की ओट्यावर सतरंजी पडायची. एकदा डाव संपला आणि आजी उठल्या, तर त्यांच्या मांडीखालून बदामाची राणी निघाली. मी म्हटलं, "आजी, रोज सकाळी खोटं बोलणार नाही म्हणून शील घेता ना?"

"मी कवा खोटं बोलले? मांडीखाली काय हाय, तुमी इचारलंच न्हाय!"

त्यांचं माहेर सुप्याकडचं, कोरडवाहू. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या बावड्यात आल्या. त्यांच्या सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्या घरात नव्याच होत्या. लसूण सोलता सोलता त्यांनी मला ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल. दीक्षा घेऊन आल्यावर सासऱ्यांनी देव्हाऱ्यातले देव एका पाटीत ठेवले आणि पाटी या चौदा वर्षांच्या सुनेच्या डोक्यावर दिली. दोघं नीरा नदीच्या वाटेला लागले. नवं घर, नवा धर्म, डोक्यावर जुने देव. ही मागं मागं पडायला लागली. सासऱ्यांनी मागं वळून विचारलं, "पोरी, भ्या वाटतंय?"

"म्या म्हनलं, व्हय." इथं आजी लसूण सोलायच्या थांबायच्या. "सासरा लई कडक मानूस. म्हनलं आता चिडतोय. तर त्यो म्हनला, मला बी वाटतंय."

मग दोघं नदीवर गेले, पाण्यात उभं राहून हात जोडले, देव सोडले आणि परत आले. "दुसऱ्या दिशी बगितलं, तर काय झालं न्हाय. शेळी तेवढी याली. दोन करडं! आन त्या दिसापासनं मला सासऱ्याचं भ्या म्हनून कवा वाटलं न्हाय."

लग्नाच्या चौथ्या वर्षी मला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात ते मूल गेलं. बारामतीच्या दवाखान्यातून मी बावड्याला परत आले. बायका भेटायला यायच्या, आवाज खाली घेऊन बोलायच्या, कुणाला कुठल्या डॉक्टरचा गुण आला ते सांगायच्या. मी शाळेत जाणं बंद केलं, मग बोलणंही बंद झालं. सासूबाई ताट आणून ठेवायच्या आणि तसंच परत न्यायच्या. अमोल रात्री छताकडे बघत पडलेला असायचा. हौसाआजी माझ्या खोलीत यायच्या, भिंतीला टेकून बसायच्या, तांदूळ निवडायच्या नाहीतर वाती वळायच्या आणि निघून जायच्या. समजुतीचा एक शब्द नाही. खरं सांगायचं, तर मला त्याचाही राग आला होता.

तीन आठवड्यांनी एका दुपारी त्या दारात उभ्या राहिल्या. "ऊठ. साडी बदल."

"कुठं जायचं?"

"ऊठ म्हनलं ना."

आधी विहारात नेलं. मेणबत्ती माझ्या हातात देऊन लावायला सांगितली. वंदना झाल्यावर नेहमीच्या बातम्या त्या दिवशी त्यांनी सांगितल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हिला घिऊन आलीय." मग रस्त्यावर येऊन रिक्षाला हात केला आणि शेजारच्या गावाचं नाव घेतलं. तिथं यात्रा भरली होती. मी चमकलेच. "आजी, आपण यात्रेत?"

"देवळात न्हाय जायाचं. पाळन्यात जायाचं."

आकाशपाळणा चांगला चार मजली उंच होता. तिकीटवाला आजींना बघून म्हणाला, "म्हातारे, तुला चक्कर यील."

"मला यील न्हवं? मग तू कशाला भितोस? दोन दे."

आम्ही दोघी एका पाळण्यात बसलो. बाकीचे पाळणे भरता भरता आमचा पाळणा नेमका सगळ्यांत वर जाऊन थांबला. खाली यात्रा, पलीकडे उसाचे फड, लांबवर पाण्याची एक चकाकती पट्टी. आजींनी पदर कमरेला खोचला, माझा हात घट्ट धरला आणि खालच्या गर्दीकडे बघत म्हणाल्या, "माझी बी दोन गेली. एक नाव ठिवायच्या आधी. एक रांगाय लागलं हुतं."

मला हे माहीत नव्हतं. गुरुजींच्या वर दोन भावंडं होती, हे त्या घरात कुणी कधी बोललंच नव्हतं.

"तवा मी पन अशीच गप झाले हुते. लई दिस."

"मग तुम्हाला कुणी आणलं होतं असं पाळण्यात?"

"कुनी न्हाय," आजी म्हणाल्या. "म्हून तर तुला आनली."

तेवढ्यात पाळणा सुटला. आजींनी एक किंकाळी फोडली आणि माझ्या कानाशी ओरडल्या, "वरड की! हितं समदीच वरडत्यात, कुनी इचारत न्हाय!"

मी ओरडले. आधी भीतीनं, मग कशानं ते माहीत नाही. पाळणा वर जायचा तेव्हा मी रडत होते आणि खाली यायचा तेव्हा ओरडत होते, आणि शेजारी पंचाहत्तर वर्षांची म्हातारी "आगं आयऽऽ" करत हसत होती. खाली उतरलो तेव्हा आजींचं लुगडं सुटायच्या बेतात होतं. तिकीटवाल्याला त्या म्हणाल्या, "अजून एकदा."

घरी पोचायला अंधार पडला. गुरुजी ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. "आई, घरात काय झालंय आणि तू हिला यात्रेत नेतेस?"

"पोर वरडून आलीय," आजी म्हणाल्या. "आता झोपल. तुमी बी झोपा, गुरुजी."

मी त्या रात्री खरंच झोपले. पुढच्या सोमवारी शाळेत गेले. दुःख संपलं नव्हतं, पण आता ते माझं एकटीचं राहिलं नव्हतं. दोन वर्षांनी मला मुलगी झाली. आजींनी तिचं नाव मैत्री ठेवलं आणि ती सहा महिन्यांची होईपर्यंत तिला जीभ बाहेर काढून वेडावायला शिकवलं. तिनं पहिल्यांदा वेडावून दाखवलं ते गुरुजींना.

गेल्या हिवाळ्यात आजी अंथरुणाला खिळल्या. ऐंशी ओलांडली होती. दुखणं असं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. एका संध्याकाळी मी त्यांचे पाय चेपत होते. त्या म्हणाल्या, "ऐक. मला पोचवून मानसं माघारी आली, की तवा ठिवायचा."

"आजी, काहीतरी काय बोलता."

"आगं, मानसं लांबनं येत्यात, सकाळधरनं उपाशी. उपाशी मानूस रडत न्हाय, यष्टी कवा हाय ते बगतंय. आधी भाकरी घाल. मग रडायचं ते रडू दे." आणि मग डोळे मिचकावून, "तुझी सासू न्हाय म्हनंल. तिचं ऐकू नगंस."

आठवड्याभरानं पहाटे, झोपेतच, त्या गेल्या. दुपारपर्यंत माणसं जमली. सुप्याकडून त्यांची धाकटी बहीण आली, ठकूआजी. ती एका भिंतीला टेकून बसली, डोळे कोरडे, नजर जमिनीवर. बायका एकमेकींत कुजबुजल्या, "सख्खी भन, आन एक टिपूस न्हाय." विधी झाले, आजींना पोचवून आम्ही परत आलो, अंघोळी झाल्या. लांबचे पाहुणे चपला शोधायला लागले होते.

मी स्वयंपाकघरात गेले, परातीत पीठ काढलं आणि गॅस पेटवला. सासूबाई धावत आल्या. "आगं, आज घरात चूल पेटवत न्हाईत! मानसं काय म्हनतील?"

दहा वर्षांत मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. "आजींनी सांगितलंय," मी म्हटलं. "पोचवून आलं की तवा ठेव म्हणाल्या."

दारात गुरुजी उभे होते. आता काय बोलतात म्हणून मी परातीकडेच बघत राहिले. ते आत आले, कोपऱ्यातला पिठाचा डबा उचलून माझ्याजवळ ठेवला. "एवढ्यानं पुरणार नाही," ते म्हणाले. "आणि आईनंच सांगितलं असणार. दुसऱ्या कुणाला सुचायचं नाही."

मग सासूबाईंनीच पदर खोचला आणि पिठलं टाकलं. शेजारच्या दोघी भाकरी थापायला बसल्या. गुरुजींनी स्वतः पंगतीत ताटल्या मांडल्या. चपला शोधणारे परत फिरले. सुरुवातीला कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मग ताटल्यांचे आवाज सुरू झाले, कुणी कांदा मागितला, कुणी पाणी.

ठकूआजीला मी भिंतीपाशीच ताटली नेऊन दिली. तिनं सावकाश एक भाकरी खाल्ली. मग अर्धी अजून मागितली. ती पिठल्यात बुडवून खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाली, "हौसाक्का मीठ जरा जादा घालायची."

एवढं बोलली आणि तिचा चेहरा एकदम मोडला. ती मोठ्यानं, तोंड उघडून, लहान पोरीसारखी रडायला लागली. बायका उठायला लागल्या, तर सासूबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं. मी तिच्या हातातली ताटली काढून घेतली आणि तिच्याशेजारी, भिंतीला टेकून बसले.