लुंबिनीतली पंधरा मिनिटं

“एवढ्या मोठ्या इंग्लिश शाळेत टाकलं हिले, अन् निघाली मुकी. आमची प्रणाली पाह्य, सरकारी शाळेतली. पण कलेक्टरसमोर उभी केली तरी बोलन.”

बस कुशीनगर सोडून नेपाळच्या सीमेकडे निघाली होती. काकू माझ्या पुढच्या सीटवर बसली होती. तिच्या शेजारच्या बाईंनी विचारलं, “मंग आता करते काय?”

“करते काय! घरीच हाय. दोन डाव बँकेची परीक्षा देली, दोन्ही डाव पडली. मोबाइल तेवढा चांगला चालवते.”

दोघी हसल्या. माझ्या कानात इयरफोन होते, पण गाणं कधीच संपलं होतं. काकूला ते माहीत नव्हतं. की होतं? हे मी अजूनही ठरवू शकलेले नाही.

यापुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही. तशा मैत्रिणी मला फार नाहीतच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि आमच्या बालाघाटच्या घरी तुम्ही कधी येणार नाही.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. ते लोक परसवाड्याला राहतात. प्रणाली तिची एकुलती एक मुलगी, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मला ‘दीदी’ म्हणते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या समाजाची बस निघाली — सारनाथ, बोधगया, कुशीनगर आणि शेवटी लुंबिनी. आईबाबांना रजा नव्हती, म्हणून काकूसोबत मला पाठवलं. प्रणाली घरीच थांबली, कारण तिच्या नर्सिंगच्या ॲडमिशनचा शेवटचा राउंड त्याच आठवड्यात होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. प्रणालीच्या फॉर्मवर मोबाइल नंबर काकूचा होता. पोरीच्या नावावर सिम घ्यायचं नाही, हा काकूचा नियम. शाळेपासून सगळ्या कागदांवर काकूचाच नंबर. म्हणजे सीट मिळाली तर ती पक्की करायला लागणारा ओटीपी काकूच्या फोनवर येणार, आणि काकूचा फोन तर लुंबिनीला चाललेला. निघायच्या आदल्या दिवशी प्रणालीने काकांच्या मोबाइलवरून मला फोन केला होता. “दीदी, नेपाळमें मम्मीचा फोन चालेल ना? पक्का?” मी म्हटलं, चालेल. मी स्वतः काकूच्या नंबरवर रोमिंग सुरू करून दिलं, माझ्याही नंबरवर इंटरनेटचा पॅक टाकला. तेव्हा माझ्या मनात काहीही नव्हतं. हे मी स्वतःला वाचवायला सांगत नाहीये. उलट हे माहीत असलं, की पुढचं जास्त वाईट दिसतं.

सुनौलीला सीमा ओलांडली आणि बसमधले सगळे फोन एका मिनिटात मुके झाले. गोंधळ उडाला. मागच्या सीटवरचे एक निवृत्त गुरुजी माझ्यावरच रागावले. “पासपोर्ट मांगला का कोणी? नाही मांगला. मंग हा विदेश कसा झाला? विदेशात विमानानं जातेत. आपण तं बसनं आलो!” अर्ध्या बसचं हेच म्हणणं होतं. कोणीच रोमिंग घेतलं नव्हतं. पूर्ण बसमध्ये दोनच फोन चालू होते, माझा आणि काकूचा.

काकूने तिचा फोन पर्समध्ये टाकला आणि पर्स माझ्या मांडीवर. “तूच पाह्यजो बाई. मले त्यातलं काही समजत नाही.”

लुंबिनीला पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. मायादेवीच्या मंदिरात अनवाणी जावं लागतं. काकू म्हणाली, “तू बस इथं, चपला पाह्य सगळ्याइच्या. आम्ही आलो की मंग जाजो.” मग पांढऱ्या साड्यांची ती रांग आत गेली. मी बाहेर चाळीस-पन्नास चपलांसमोर बसून राहिले. मला वाईट वाटलं का? नाही. मी चपलांकडेच पाहत होते. काकूच्या चपला नवीन होत्या, प्रवासासाठी घेतलेल्या.

मग पर्समध्ये फोन थरथरला.

ओटीपी होता, सहा आकडे. खाली लिहिलेलं — हा क्रमांक कोणालाही सांगू नका.

त्याच वेळी माझ्या फोनवर प्रणालीचा मेसेज आला. ‘दीदी!!! जबलपूर मिल गया!!! सरकारी!!! ओटीपी आया क्या मम्मीके फोनपर? जल्दी भेजो, आज पाच तक लास्ट है.’

आता तुम्हीच सांगा, यात विचार करायला काय होतं? सहा आकडे. मी ते वाचले होते. माझी बोटं टाइप करायला लागलीसुद्धा. पहिले तीन आकडे मी लिहिले — आणि मग खोडले.

का? याचं उत्तर मी दोन वर्षं शोधते आहे आणि मला चांगलं उत्तर सापडलेलं नाही. राग आला होता, असं म्हणता येईल. पण राग असा नसतो. रागात हात कापतात, कान गरम होतात. माझे हात अगदी थंड होते. मला फक्त एवढंच दिसलं, की ही मुलगी जबलपूरला जाईल, पांढरा ड्रेस घालेल, सगळ्यांशी बोलेल. आणि काकू तिचा फोटो आमच्या घरी घेऊन येईल आणि माझ्यासमोर धरेल.

मी ओटीपीचा मेसेज पुसून टाकला.

प्रणालीला लिहिलं — ‘काकूंच्या फोनला नेटवर्क नाही गं. माझ्याला थोडंसं येतंय.’

तिने पुन्हा ओटीपी मागवला. पुन्हा पर्स थरथरली. तोही मी पुसला. तिसऱ्यांदा यायच्या आत मी काकूचा फोन उघडला आणि विमानाच्या चित्रावर बोट ठेवलं. तुम्हाला माहीत असेल, ते चित्र दाबलं की फोन जिवंत दिसतो, पण त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही.

काकू हात जोडूनच मंदिरातून बाहेर आली. डोळे भरलेले होते. मी तिला सांगितलं. सांगावंच लागणार होतं, नाहीतर पुढे पकडले गेले असते. हेही मी तेव्हाच ठरवून ठेवलं होतं. “प्रणालीला सीट मिळाली, काकू. पण ओटीपी तुमच्या फोनवर येतो, आणि तुमच्या फोनला रेंजच नाही.”

आधी ती आनंदाने माझ्या गळ्यातच पडली. मग अर्धं मिनिट गेलं आणि दुसरं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं.

“मंग? आता मंग?”

पुढचा दीड तास मी एक बाई पाहिली, पांढऱ्या साडीतली, पन्नाशीची, गुडघे दुखणारी. फोन डोक्याच्या वर धरून ती त्या मैदानात फिरत होती. तळ्याच्या काठाने, अशोकस्तंभाच्या बाजूने, पार गेटपर्यंत आणि परत. वाटेत जो भेटेल त्याला विचारायची, “भाऊ, इथं कुठं टावर हाय?” नेपाळी पोरं हसायची. ती माझ्याकडे परत आली आणि म्हणाली, “येऊन राह्यलं का? एक डंडी तरी आली का?”

मी फोन हातात घेऊन पाहिल्यासारखं केलं. म्हटलं, “अजून थोडं वर धरा, काकू.”

हे वाक्य मी खरंच बोलले. कोणी मला बोलायला लावलं नव्हतं. आणि ती पुन्हा गेली — हात अजून वर करून, टाचा उचलून, अनवाणी. चपला घालायचं तिला भानच नव्हतं. मला हसू येत होतं. तुम्हाला हे वाचून माझा राग आला असेल, तर तो बरोबर जागी आला आहे.

माझ्या फोनवरून प्रणालीशी बोलता येईल का, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, मेसेज जातात, बोलणं होत नाही. तिने विश्वास ठेवला. फोनच्या बाबतीत आमच्या घरात सगळे माझ्यावरच विश्वास ठेवतात.

मग माझ्या फोनच्या घड्याळात पाच वाजले. झालं, संपलं, असं वाटलं. आता काही करायची गरजच नाही. मी एका दगडी कट्ट्यावर बसले. अगदी हलकं वाटत होतं.

तेवढ्यात प्रणालीचा मेसेज आला. ‘दीदी, पंधरा मिनट बाकी है. एक बार और भेज रही हूँ. प्लीज देखना ना.’

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. सीमेवर फोनने आपोआप वेळ बदलून घेतली होती, मीच विसरले होते. परसवाड्यात अजून पावणेपाच वाजत होते.

मला जे कबूल करायचं आहे ते खरं म्हणजे हे आहे. अडीच-तीनला जे केलं, त्याला तुम्ही झटका म्हणाल. बसमधलं बोलणं डोक्यात होतं, चपला राखायला बसवलं होतं. तुम्ही चांगले असाल तर अजून काही कारणं मला काढून द्याल. पण ही पंधरा मिनिटं? ती मला वेगळी काढून दिली गेली होती. काकूचा फोन माझ्या हाताच्या अंतरावर होता. एक बोट, एक चित्र, सहा आकडे — दोन मिनिटांचं काम. नंतर म्हणता आलं असतं, बघा, रेंज आली! काकूने माझे पाय धरले असते. मी वाईट न ठरता सगळं नीट झालं असतं. हे सगळं मला त्या कट्ट्यावर स्पष्ट दिसत होतं.

मी प्रणालीला लिहिलं, ‘ट्राय करतेय.’

आणि बसून राहिले. पाच वाजून सात. पाच वाजून दहा. काकू समोरच जमिनीवर बसली होती, फोन दोन्ही हातांत धरून, ओठ हलवत. कदाचित वंदना म्हणत होती. पाच वाजून चौदाला तिने वर पाहिलं आणि विचारलं, “किती वाजले आपल्याकडं?” मी सांगितलं, “पाच होतच आहेत.” मी खोटं नाही बोलले. वेळ मी बरोबर सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीमा ओलांडताना मी म्हटलं, “द्या काकू, मी पाहते,” आणि विमानाचं ते चित्र काढून टाकलं. फोन तिच्या हातात परत दिला आणि तो वाजायला लागला — एकामागून एक, चार ओटीपी. गुरुजी मागून ओरडले, “भारत आला रे, नेटवर्क आलं!” बसमध्ये टाळ्या वाजल्या. काकू त्या चार मेसेजांकडे पाहत राहिली. म्हणाली, “आता येऊन राह्यले मेले.” मग पदर तोंडात धरून रडली, गोरखपूर येईपर्यंत. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. हो, तेही केलं.

प्रणालीने पुढच्या वर्षी परत परीक्षा दिली. नंबर लागला नाही. आता ती लालबर्र्याला एका डॉक्टरांकडे काउंटरवर बसते, पेशंटची नावं लिहिते, नंबर पुकारते. आवाज छान आहे तिचा, बाहेर रस्त्यावर ऐकू येतो. माझ्याशी तशीच बोलते. लुंबिनीहून आल्यावर तिनेच माझी समजूत काढली होती — “दीदी, तुम टेन्शन मत लो, तुमने तो कितना ट्राय किया.” स्वतःच्या आईशी मात्र ती बोलत नाही. म्हणजे जेवायला वाढ, पाणी दे, एवढंच. नंबर आईचा, हट्ट आईचा आणि फोन घेऊन देशाबाहेर गेली तीही आई, असं तिच्या मनात पक्कं बसलं आहे. काकूही वाळून गेली आहे. पूर्वीसारखी कोणाला टोमणे मारत नाही.

गेल्या महिन्यात दोघी आमच्याकडे आल्या होत्या. आई स्वयंपाकघरात होती. बाहेरच्या खोलीत आम्ही तिघीच. प्रणाली खिडकीकडे तोंड करून बसलेली. काकू तिचा फोन हातात फिरवत होती. नवीन होता, पण तसाच, तिला न समजणारा. फिरवता फिरवता ती एकदम थांबली.

“एक विचारू का बाई? तुले तं समजते यातलं. तवा लुंबिनीत... माह्याच हातानं काही दबलं असन का? कालच्याले शेजारचा पोरगा दाखवून राह्यला होता, ते विमानाचं. म्हणे, हे चुकून दबलं का सगळं बंद होते. तवापासून मले झोप नाही. तू सांग. नेटवर्कच नव्हतं ना तिकडं?”

प्रणालीने मान वळवली. काकूकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या मुलीच्या चेहऱ्यावर आईसाठी काहीतरी होतं. ती वाट पाहत होती. मी ‘नव्हतं’ म्हटलं असतं, तर बहुतेक ती उठून आईजवळ जाऊन बसली असती. मला ते दिसत होतं. मला नेहमीच सगळं दिसतं.

मी सहसा अडखळते. त्या दिवशी अडखळले नाही.

“नेटवर्क होतं, काकू,” मी म्हटलं. “तुमच्याच हातानं दबलं असेल.”