जार हुंगायचं काम

लोकांना वाटतं, मिनरलच्या पाण्याचा कारखाना म्हणजे नुसती मशिनं. आमच्या इथं सगळ्यात कामाचं मशीन म्हणजे माझं नाक होतं. कोल्हापूरबाहेर रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही वीस लिटरचे जार भरायचो. रिकामा जार परत आला की धुवायच्या आधी झाकण काढून हुंगायचा, हे माझं काम. कारण आपली माणसं रिकामा जार रिकामा ठेवत नाहीत. कुणी त्यात डिझेल आणतं, कुणी उसात मारायचं तणनाशक कालवतं, आणि एकदा खळबळून साळसूदपणे परत देतं. वास आला की तो जार मी कोयत्यानं फाडायचो. पहिला फाडला तेव्हा मालक ओरडला, म्हणून त्याच्यासमोर आणखी दोन फाडले. माझा हात आधी चालतो, डोकं मागनं येतं.

मग एका तापात वास घ्यायची शक्तीच गेली. ताप उतरला, नाक काही परत आलं नाही. शेजारी फोडणी करपली तरी कळेना. मालकाला सांगितलं तर काम जाणार, आणि पन्नाशीत मला कोण ठेवून घेणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. जार नाकाशी न्यायचा, मान हलवायची, पुढं सरकवायचा. पुढं ते धुवायला एक गडी होता, सीमेपलीकडचा, घरात कन्नड बोलणारा. मला अण्णा म्हणायचा.

एका सोमवारी टेम्पो भरायला माणूस कमी पडला. मी त्या गड्याला तिकडं पिटाळलं आणि जार स्वतःच विसळून भरायला दिले.

मंगळवारी सकाळी इचलकरंजीहून माणसं आली. यंत्रमागाच्या शेडमधली, पंधरा-वीस जण, हातात दांडकी. आमचं गार पाणी घटाघटा प्यायलेल्या सहा जणांना ओकाऱ्या सुटल्या होत्या. एक म्हातारा विणकर दवाखान्यात रक्त ओकत होता. मालक केबिनमध्ये शिरला आणि आतनं कडी घातली. केबिनची काच पहिल्या दणक्यातच खाली आली. मग भरायचं मशीन, मग भिंतीला लावलेले जार. दांडकं बसलं की जार फुटायचा आणि पाणी भसकन पायांवर यायचं.

त्यांच्यातल्या एकानं सोबत आणलेला जार माझ्या तोंडावर दाबला. "हुंग! हुंग की! तणनाशक हाय का न्हाय?"

मला कसलाच वास आला नाही. "व्हय, हाय," मी म्हणालो.

"मग धुतला कुणी ह्यो?"

मालकानं फुटक्या काचेतनं बोट बाहेर काढलं, गड्याकडं. गडी माझ्याकडं बघत उभा राहिला. ती नजर मला सोसवेना. मी पुढं झालो आणि त्याच्या कानशिलात अशी ठेवून दिली की तो टाकीवर जाऊन आदळला.

पहिली माझी. बाकीच्यांना तेवढंच पाहिजे होतं. खांद्यावर, बरगड्यांवर, पोटात, जिथं लागेल तिथं. एकानं त्याचे केस धरून तोंड टाकीच्या काठावर आपटलं, दोनदा. दाताचा आवाज मी ऐकला. जमिनीवरचं पाणी लाल झालं तेव्हा कुठं ते थांबले. जाताना एकानं शाबासकी दिल्यागत माझ्या पाठीवर थाप मारली.

मी त्याला बसता केला. ओठ फाटला होता, एक डोळा मिटत आला होता.

"अण्णा, तुमचं नाक गेलंय ते मला ठावं हाय की," तो म्हणाला. "दोन म्हैनं झालं, तुम्ही ठेवल्याला हरएक जार मी परत हुंगत हुतो. काल तुम्हीच मला टेम्पोवर धाडलासा."

"मग त्यास्नी सांगितलं का न्हाईस?"

तो रक्त थुंकला. "वाटलं, तुम्ही सांगशीला. म्हणून गप हुतो. तवर तुमचा हातच आला."

मालकानं त्याला दुपारीच काढला. मी गेटपर्यंतसुद्धा गेलो नाही. लाज वाटते, पण नाही गेलो. चार वाजता रिकाम्या जारांचा टेम्पो आला. मी एकेक झाकण काढून नाक लावलं. कशालाच वास नव्हता. सगळे पास केले.