हार्मोनवाले डॉक्टर

म्हसळ्याचे आमचे डॉक्टर मुंबईला कसल्याशा परिषदेला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांना साधा खोकला क्षुल्लक वाटू लागला. 'हार्मोन' हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा, डोळे किंचित मिटून उच्चारत. "पाळी गेली की बाईच्या अंगातलं हार्मोन आटतं आणि हाडं ठिसूळ होतात. आता त्यावर इंजेक्शन निघालंय," असं ते मला, पोस्टमास्तरांना आणि दाढी करता करता न्हाव्यालाही सांगत. इंजेक्शन मात्र गावात एकट्या मामलेदारीणबाईंना मिळे. त्यांची पाठ चांगली ताठ होती.

एकदा मी दवाखान्यात बसलो असताना डॉक्टरांची दूधवाली आली. पन्नाशीची बाई, कमरेत पार वाकलेली.

"डाक्टरसायेब, दुधाची चरवी उचलवत न्हाय. पाठ अशीच वाकत गेली तर उद्या चालनं बी व्हायचं न्हाय. ती मामलेदारीणबायची सुई मला बी द्या की."

"ती तुझ्यासाठी नाही गं. तू दूध पीत जा, भरपूर."

"म्हस येकच हाय. सकालचं दूध तुमच्याकडं येतं."

डॉक्टर विचारात पडले. बहुधा चहा आठवला असावा. "मग संध्याकाळचं पी."

"सांजचं मामलेदारीणबायकडं जातं. हाडांसाटी प्या म्हनून तुमीच सांगितलंत न्हाय का त्यांना?"

"मग ताक पी," डॉक्टर म्हणाले. आणि तिच्या पाठीला बोटही न लावलेले हात त्यांनी साबणाने स्वच्छ धुतले.