टोकाच्या खुर्चीवरचा फॉरवर्ड

व्हर्जिल ओटिंगर गेला तेव्हा इव्हान्सव्हिलच्या पेपरात चार ओळी आल्या. सव्वीस वर्षं व्यावसायिक बास्केटबॉल संघासाठी नवे खेळाडू पारखले, मागे दोन मुली, कृपया फुलं पाठवू नयेत. तो चार ओळींत मावला याचं मला काही वाटलं नाही, आमच्या धंद्यातली माणसं तेवढीच असतात. पण त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट त्या ओळींत नव्हती, आणि ती सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळली ती त्याच्या अब्रूसाठी नव्हे, माझ्या.

आम्ही दोघेही स्काऊट, म्हणजे पारखी. संघ वेगळे, पण मुलूख एकच: सगळं इंडियाना, केंटकी आणि अर्धं ओहायो. हिवाळाभर गाडीतून कॉलेजं पालथी घालायची, पोरांचे सामने बघायचे आणि जूनमध्ये ड्राफ्टला, म्हणजे सगळे संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तेव्हा, कुणाला उचलावं हे वरच्यांना कळवायचं. माझ्याकडे आणि व्हर्जिलकडे पारखायला फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले खेळाडू, असत. ही सगळ्यात फसवी जात. सेंटरइतका उंच नाही, गार्डइतका चपळ नाही, आणि कोचला मात्र त्याच्याकडून दोन्ही हवं असतं.

व्हर्जिल सामन्याच्या दीड तास आधी येऊन बसायचा. गुडघ्यावर वही, खिशात शेंगदाणे. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याला तो बघतच नसे. डोळ्यांसमोर पंजा धरून मैदानाचा तेवढा भाग झाकायचा आणि चेंडू नसताना फॉरवर्ड काय करतो ते बघायचा. शेजारची माणसं त्याला वेडा समजत, आणि अगदीच चूक नसत. त्याचा सगळा जीव दुसऱ्या उडीवर. रिंगखाली पहिली उडी सगळेच मारतात, तो म्हणायचा, चेंडू हुकल्यावर पाय टेकताक्षणी जो पुन्हा उडतो त्याचं नाव लिही. एवढं करून सव्वीस वर्षांत त्याच्या शब्दावर संघाने पोरं घेतली ती दोन. एकाचा गुडघा गेला, दुसरा दारूने गेला.

आमच्यात एक रीत होती, ती आधी सांगायला हवी. आम्ही तसे एकमेकांचे वैरी, पण बर्फात रुतलेली गाडी ढकलायला वैरीच उपयोगी पडतो. त्यामुळे बसायचो एका रांगेत, जेवायचो एका टेबलावर. आवडलेल्या पोराबद्दल कुणी खरं बोलायचं नाही, विचारलंच तर ‘बरा आहे’ म्हणून मान वळवायची. पण एखाद्यात खोट दिसली तर ती सगळ्यांना सांगायची, आणि तिथे मात्र खोटं बोलायचं नाही. दुसऱ्याला खड्ड्यात पडू देऊ नये एवढीच त्यात माणुसकी. त्यामुळे आमच्यात स्तुतीला कुणी हिंग लावून विचारत नसे, आणि निंदेवर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवत.

त्या हिवाळ्यात वॉबॅश नदीकाठच्या एका लहानशा कॉलेजात कॉर्डेल मॅब्री नावाचा पोरगा खेळत होता. सहा फूट सात इंच, लांब हात, बोलणं कमी. मी त्याला दोनदा बघितला आणि माझ्या यादीत तो पहिल्या पाचांत गेला. व्हर्जिलने त्याला चौदा वेळा बघितला होता, हे मला फार नंतर कळलं.

व्हर्जिलचं तेव्हा घरी आणि दारी काही धड नव्हतं. बायको त्याला सोडून बहिणीकडे राहायला गेली होती, आणि संघात नवा साहेब आला होता, चौतिशीचा. त्याने तोंडावर सांगितलं होतं की पुढच्या वर्षी म्हाताऱ्यांची गरज लागेलसं वाटत नाही. व्हर्जिलला जाण्याआधी एक, फक्त एक फॉरवर्ड आपला म्हणून संघात बघायचा होता. पहिल्या फेरीत साहेब अनोळखी कॉलेजचं पोर घेणार नाही हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या फेरीच्या शेवटी घेतला असता, पण तोवर तो शिल्लक राहायला हवा ना.

फेब्रुवारीत मन्सीजवळच्या एका खानावळीत आम्ही चौघं स्काऊट जेवत होतो. पावाबाहेर चहूकडून लोंबणारा डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा, लोणच्याच्या काकड्या, कॉफी. मी सहज विचारल्यासारखं करून मॅब्रीचं नाव काढलं. व्हर्जिलने घास संपवला, तोंड पुसलं.

“खेळतो चांगला,” तो म्हणाला. “पण कोचने बाहेर काढलं की बघ. बाकावर बाकीची पोरं टाळी द्यायला हात पुढे करतात, हा कुणाच्या हाताला हात लावत नाही. डोक्यावर टॉवेल घेतो आणि टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसतो.”

“एखाद्या दिवशी डोकं फिरलं असेल.”

“तीन सामन्यांत बघितलं मी, ड्वेन. तू जाऊन बघ की.”

मी गेलो. पुढच्याच गुरुवारी. कॉर्डेलला बाहेर काढलं, आणि सगळं अगदी तसंच झालं. चार पोरांनी हात पुढे केले, तो मान खाली घालून त्यांच्यासमोरून निघून गेला आणि टोकाला टॉवेलखाली बसला. माझं मन विटलं. पोराने वीस गुण केले होते, दुसरी उडी तर बघत राहावी अशी होती. पण मी मोटेलवर जाऊन रिपोर्टात लिहिलं: संघात मिसळत नाही, स्वतःला मोठा समजतो. बाकीच्या दोघांनीही थोड्याफार फरकाने तेच लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, वरचे लोक माझा रिपोर्ट आवडीने वाचत.

जूनमध्ये ड्राफ्ट झाला. साठच्या आसपास नावं पुकारली गेली, मॅब्रीचं नाही. दुसऱ्या दिवशी मी अंडी खात होतो तेव्हा व्हर्जिलचा फोन आला. आवाज इतका बसलेला की मला वाटलं कुणी गेलं.

त्याने सगळं सांगितलं. जानेवारीत दीड तास आधी जाऊन बसला होता तेव्हा त्याने कॉर्डेलला एका कोपऱ्यात उभं राहून डाव्या हाताच्या बोटावरची पट्टी सोडताना बघितलं होतं. बोट मोडलेलं, निळं पडलेलं. स्काऊट यायच्या आधी पोरगा पट्टी काढून ठेवायचा, दुखणं दिसलं तर आपल्याला कोण घेणार म्हणून. टाळी देताना त्या हाताला धक्का लागला असता तर किंचाळला असता. म्हणून तो बाकावर कुणाला हात लावू देत नव्हता, आणि तोंड वेडंवाकडं झालेलं आम्हाला दिसू नये म्हणून टॉवेल. आमच्यापासून लपवायला त्याने जे केलं, तेच व्हर्जिलने आमच्यासमोर खोट म्हणून मांडलं होतं, आपल्यासाठी पोरगा शिल्लक राहावा म्हणून.

पण शब्द तोंडातून सुटला की आपला राहत नाही. सगळ्या संघांचे साहेब एकमेकांशी फोनवर बोलत असतात. ड्राफ्टच्या संध्याकाळी व्हर्जिलने नाव सुचवलं तेव्हा त्याचा साहेब म्हणाला, तीन संघांकडून ऐकलंय, हा पोरगा नासका आहे. व्हर्जिलने सगळ्यांदेखत कबूल केलं की ती वावडी मीच उठवली, खोटी आहे.

“मग?” मी विचारलं.

“म्हणाला, तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोयस, हे मला कसं कळावं? आणि नाव खोडलं.”

मी त्याला नाही नाही ते बोललो. इतक्या वर्षांची रीत मोडलीस म्हणालो, एका पोराच्या आयुष्याची माती केलीस म्हणालो. अंडी गार होईस्तोवर बोलत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. ‘लिहिलं तर तूही होतंस’ एवढं एक वाक्य तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही, आणि मला तेव्हा त्याचं काही वाटलंही नाही.

कॉर्डेलला एका संघाने उन्हाळी शिबिरात बोलावलं, पण बोट वाकडंच सांधलं गेलं होतं. चेंडू हातात ठरेना, चौथ्या दिवशी परत पाठवला. तो व्हिन्सेन्झला गेला आणि शाळेत व्यायामशिक्षक झाला. व्हर्जिलला खरोखरच पुढच्या वर्षी नारळ मिळाला. त्यानंतर दर हिवाळ्यात तो दीड तास गाडी चालवत त्या शाळेपर्यंत जायचा, आवारात गाडी लावायचा आणि तसाच परत यायचा. सहा हिवाळे. सातव्या वर्षी त्याने मला फोन केला आणि म्हणाला, तू बरोबर चल, म्हणजे मला लाजेकाजेस्तव उतरावं लागेल.

गेलो. दुपारचा सराव चालू होता, बारा-तेरा वर्षांची पोरं. आम्ही भिंतीशी उभे राहिलो. कॉर्डेलचं अंग भरलं होतं, गळ्यात शिट्टी. त्याने एका पोराला बाहेर बसवलं. पोरगा बाकाकडे गेला, सगळ्यांच्या हातावर हात मारले आणि बसला. कॉर्डेलने शिट्टी वाजवून खेळ थांबवला.

“गुण लिहिणारीला कोण देणार?” तो म्हणाला. “ती काय संघात नाही?”

पोरगा उठला, कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या मुलीला टाळी देऊन आला. मग खेळ सुरू झाला. मी व्हर्जिलकडे बघायचं टाळलं.

कॉर्डेलने आम्हाला ओळखलं. चेहरे नव्हे, पण आम्ही त्या रांगेतले हे त्याला आठवलं. हात पुसत आला आणि आमचे आभार मानायला लागला. मला कुणी का घेतलं नाही याचं खरं कारण माझ्या एजंटाने सांगितलं होतं, कॉर्डेल म्हणाला, की मी कुणात मिसळत नाही, स्वतःला मोठा समजतो. माझं वाक्य, जसंच्या तसं. आधी राग आला, मग वाटलं, इतकी जाणती माणसं वेगवेगळी बघून एकच सांगतात म्हणजे असणारच. संघातल्या अकराही जणांना त्याने एकेक करून फोन केला आणि माफी मागितली.

“नऊ जण म्हणाले, कसली माफी, तू तर आमच्यात सगळ्यात चांगला होतास,” तो म्हणाला. “मला वाटलं, मन राखायला म्हणताहेत. पण फायदा झाला बघा. ही पोरं तरी तशी होणार नाहीत.”

व्हर्जिलने टोपी काढली. मग त्याने सांगितलं. पट्टी, बोट, खानावळ, साहेब, सगळं. काही झाकलं नाही, स्वतःसाठी एक सबबही ठेवली नाही. फक्त माझं नाव घेतलं नाही. मी तिथे शेजारी उभा होतो आणि तो म्हणत होता, मी काही लोकांना सांगितलं. त्या ‘काही लोकां’मागे मी मूग गिळून लपलो.

कॉर्डेल ऐकत असताना एकदा वळला, पोरांना पाणी प्या म्हणाला. मग डाव्या हाताचं वाकडं बोट उजव्या हाताने चोळत राहिला. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“मला वाटायचं, बोट दुखायचं ते मी आपलं कारण म्हणून धरून बसलोय,” तो म्हणाला. “आईला मी तेव्हा सांगितलं होतं. ती म्हणाली, चूक झाली तर झाली म्हणावं, बोटावर ढकलू नये. ती अजून चर्चमध्ये बायकांना सांगते, पोराला देवाने खेळ दिला होता, संस्कार द्यायला मीच कमी पडले.” मग व्हर्जिलकडे बघून म्हणाला, “माझं ती ऐकणार नाही. तुम्ही सांगाल तिला? पाच वाजता घरी येते.”

घर जवळच होतं, पुढे लाकडी ओसरी, पायऱ्या तीन. व्हर्जिल उतरला आणि माझ्यासाठी थांबला. मी म्हणालो, तू जा, मी गाडी चालू ठेवतो, हीटर गार पडेल. त्याने दार लावलं. बाई शाळेच्या स्वयंपाकघरातल्या एप्रनवरच दाराशी आली. त्याला आत घेतलं नाही. तो टोपी हातात धरून थंडीत बोलत होता आणि ती चौकटीला हात लावून ऐकत होती. सात वर्षं मी या माणसाला नावं ठेवली होती. गाडीत बसून मला ऊब लागत होती आणि स्वतःची शिसारी येत होती.

त्याचं बोलून झालं. मग तिने गाडीकडे बोट करून काहीतरी विचारलं. व्हर्जिलने मान हलवली नाही, बोललाही नाही, पण तिला कळलं असावं. ती पायऱ्या उतरून आली आणि माझ्या बाजूच्या काचेवर टकटक केलं. मी काच खाली केली.

“तुम्हीही लिहिलं होतं?”

“हो.”

“स्वतः बघून, की ऐकून?”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला नुसतं उत्तर हवं होतं. त्या गुरुवारी मी तिसऱ्या रांगेत होतो, दोन्ही डोळे उघडे होते, टॉवेल बघितला होता, चार पोरांचे हात बघितले होते, आणि तो डावा हात मला कुठेच आठवत नव्हता.

“ऐकून बघितलं,” मी म्हणालो.

तिने मान हलवली, एप्रनला हात पुसले आणि मुलाला फोन लावायला आत गेली.