खिंडीवरची हजेरी

१२ ऑक्टोबर १९९५. सकाळी सहा वाजता मी सलाइनच्या बाटल्या लोकरी मोज्यांत भरत होते. उघड्या ठेवल्या तर वाटेत गोठतात. मी तेव्हा मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. पोस्टिंग हिमाचलमध्ये. खिंडीपलीकडच्या गावात बायका-मुलांसाठी मेडिकल कॅम्प होता. रस्ता नव्हता, पायी जायचं होतं.

बरोबर दोघं. हवालदार ज्ञानदेव कोकरे, पार्टी कमांडर, भिगवणजवळच्या डाळजचे. आणि रेडिओ ऑपरेटर नाईक थापा. मी निरवांगीची, म्हणजे कोकऱ्यांच्याच इंदापूर तालुक्यातली. चारचौघांत ते मला मॅडम म्हणत, वाटेत ताई.

"दम लागला काय ताई? निरवांगीत चढ न्हाय वाटतं."

"डाळजात तरी कुठला डोंगर हाय? हायवेचा स्पीडब्रेकर?"

ते मोठ्यानं हसले.

दुपारी एकच्या सुमारास आम्ही खिंडीखाली पोचलो. पश्चिमेकडून काळे ढग वर येत होते. बेसवरून वायरलेसवर विचारणा झाली, "मौसम कैसा है? ओव्हर."

कोकऱ्यांनी वर बघितलं. "असले ढग आपल्याकडं आषाढभर डोक्यावरनं जात्यात. थेंब पडत न्हाय." मग सेटवर म्हणाले, "थोडे बादल हैं. हम आगे बढ़ रहे हैं. ओव्हर."

मलाही त्यात काही चूक वाटली नाही. लहानपणापासून मी तसेच कोरडे ढग बघत आले होते.

आम्ही खिंडीवर चढलो आणि गारा सुरू झाल्या. कपडे भिजले. मग वारा सुटला, बर्फ पडू लागला. पुढच्या माणसाची पाठ दिसेना. वीज इतकी जवळ कडाडली की दात वाजले. डाव्या हाताला दरी होती, पण नेमकी कुठं ते कुणालाच दिसत नव्हतं.

"बसा! कुनी हलायचं न्हाय!" कोकरे ओरडले.

एका खडकाआड त्यांनी आम्हाला खेटून बसवलं, माना खाली घालायला लावल्या. स्वतः वाऱ्याच्या बाजूला बसले. गारपिटीत मेंढरांना असंच बसवतात. माझ्या वडिलांना मी आमची मेंढरं तशी बसवताना पाहिलं होतं.

थापानं बेसला कळवलं. उत्तर आलं, "रेस्क्यू पार्टी निकल गई. जागते रहो. ओव्हर."

मी हजेरी घेऊ लागले.

"थापा?"

"जी, मॅडम."

"कोकरे?"

"हाय."

पुन्हा. पुन्हा. थापाचं उत्तर लगेच यायचं. कोकऱ्यांचं उशिरा येऊ लागलं. मग शब्द जड झाले. मग त्यांनी हातमोजे काढून फेकले आणि कोटाची बटणं सोडायला लागले.

"ताई, लई उकडतंय."

गारठून माणूस जायला लागला की शेवटी त्याला असं उकडतं, हे मला माहीत होतं. त्या दिवसात सगळ्यात जास्त भीती मला तेव्हा वाटली. मी त्यांचे हात माझ्या कोटात ओढून घेतले. थापाला वाऱ्याच्या बाजूला सरकवून त्यांना आम्हा दोघांच्या मध्ये घेतलं. थापानं त्यांना घट्ट धरून ठेवलं.

"कोकरे?"

"हाय."

"कोकरे?"

उत्तर आलं नाही. मी त्यांची छाती दाबत राहिले. अंधार पडायच्या सुमारास रेस्क्यू पार्टी आली, तोवर दाबत होते. पार्टीबरोबरच्या डॉक्टरांनी माझा हात बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसवर मी कमांडिंग ऑफिसरांकडे फोन करायची परवानगी मागितली. लष्कराची तार जाणारच होती, पण त्याआधी घरी कुणीतरी आपल्या बोलीत सांगायला हवं होतं. कोकरे दर रविवारी भिगवणच्या ज्या एसटीडी बूथवर फोन करत, तिथे लावला. बूथवाल्यानं डाळजहून त्यांच्या थोरल्या भावाला, आबांना, बोलावून आणलं.

"आबा, मी निरवांगीची. ज्ञानदेवभाऊंच्या बरोबर नोकरीला हाय. भाऊ काल गेले. बर्फात."

आबांनी बूथचं दार ओढून घेतलं, हायवेवरच्या ट्रकचा आवाज कमी झाला.

"एकटाच व्हता का?"

"न्हाय. आमी दोघं त्यांना चिकटून बसलो व्हतो."

"बरं झालं," आबा म्हणाले. मग, "आन् तू गं? तू बरी हायस का, पोरी?"

"व्हय," मी म्हणाले. फोन ठेवला आणि वॉर्डात जाऊन सकाळची इंजेक्शनं द्यायला लागले.