केर्सी वाजवत होता त्या दिवशी

सिल्वासाजवळच्या रांध्यातल्या आमच्या शाळेत शैलजा नेरूरकर इंग्रजी शिकवतात. निवृत्तीला आल्या आहेत. सुती साडी, चष्म्याला दोरी, मुलांवर कधी हात उगारत नाहीत. त्यांच्याकडे पाहून कोणी म्हणणार नाही की या बाई कधीकाळी रॉक संगीताच्या मागे वेड्या होत्या. पण मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की त्या मला परदेशी गिटारवाल्यांच्या गोष्टी सांगू लागत.

"गिल्मोर एक सूर धरतो ना मनीषा, तो सोडतच नाही. श्वास आपणच सोडायचा. आणि नॉफ्लर? तो गिटारवर बोलतो गं. समोर बसून गप्पा मारल्यासारखा."

मीही तिथलीच शिक्षिका, पण नंदुरबारकडची. गिटार मी पाहिली ती लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. पण बाई सांगायच्या तेव्हा ऐकत राहावंसं वाटे.

बाई गिरगावच्या. मुंबईत धोबीतलावाला रंगभवन म्हणून उघडं नाट्यगृह होतं, तिथे ऑगस्टात रॉकवाल्यांचा महोत्सव भरायचा. कॉलेजात असताना थोरल्या भावाबरोबर, प्रभाकरबरोबर, त्या जायच्या. लांब केसांची पोरं, काळे टीशर्ट, वरून पाऊस, आणि त्यात ओढणी कमरेला बांधून कठड्याला चिकटून उभी असलेली ही मुलगी. त्यांचा सगळ्यात लाडका कोणी परदेशी नव्हता. ग्रँट रोडचा एक पारशी मुलगा होता, केर्सी. एकदा वाजवता वाजवता त्याची तार तुटली. तो थांबला नाही. उरलेल्या पाच तारांवर त्याने ते गाणं शेवटाला नेलं आणि वर मान करून हसला. "माझ्याकडे बघूनच हसला," असं बाई अजून म्हणतात. त्यांना स्वतःला वाजवता येत नव्हतं. ऐकता मात्र फार येत होतं.

मग लग्न झालं. नवरा मंगेश, कुडाळकडचा. राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करायला होता. दोघं सिल्वासाला आली, तिथल्या आमली भागात भाड्याने राहिली, पुढे तिथेच फ्लॅट घेतला. बाईंच्या कॅसेटी खोक्यातून आल्या. टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला की मंगेशभाऊ कारखान्यातून कसलंसं रबर आणून, कापून, बेतून बसवत. पण त्यांना त्या संगीतातलं काही कळत नसे. नवीन लग्न झालं तेव्हा एकदा ते बायकोसाठी अख्खी कॅसेट ऐकत मांडी घालून बसले आणि शेवटी म्हणाले, "बरं आहे. पण गाणं कधी सुरू होतं?"

हा किस्सा बाई वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत. आम्ही हसायचो. मंगेशभाऊ समोर असले तर तेही हसायचे.

कारखान्यातल्या आवाजाने हळूहळू त्यांचे कान गेले. अगदी बहिरे नव्हेत, पण बोलायचं ते ओरडून, आणि समोरचा बोलला की "काय? काय म्हणालात?" फोन तर ते घेतच नसत. चारचौघांत बाईंना ते नको व्हायचं. शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्या एकट्याच येत.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात बाईंच्या फोनवर एक जाहिरात आली. मुंबईचे जुने रॉक बँड एका दुपारी वांद्र्याच्या मैदानात वाजवणार होते. नावांमध्ये केर्सी होता. बाईंनी त्याच दिवशी तिकीट काढलं. एकच.

नवऱ्याला खरं सांगितलं असतं तर त्याने अडवलं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं. पण तो म्हणाला असता, "चल, मीही येतो." आणि मग त्या गर्दीत, त्या जुन्या दिवसांच्या मधोमध, कानटोपी घालून तो उभा राहिला असता आणि ओरडून विचारत राहिला असता. म्हणून बाईंनी सांगितलं, "प्रमिलाला बरं नाही. ताप उतरत नाहीये म्हणे. मी जाऊन येते."

प्रमिला म्हणजे त्यांची धाकटी बहीण, बोरिवलीला असते. तिला बाईंनी एवढंच कळवलं होतं की वांद्र्याच्या मैदानात गाण्याच्या कार्यक्रमाला येतेय, झोपायला तुझ्याकडे. आपल्याला आजारी पाडलंय याचा तिला पत्ताही नव्हता.

मैदानात बाईंना त्यांच्याच वयाच्या तिघीजणी भेटल्या. एक पुण्याची गौरी, तीही रंगभवनला यायची. ओळख नसताना ओळख निघाली. कोण कुठल्या वर्षी वाजवत होतं, कोणाचा हात जास्त साफ होता, ब्लॅकमोर मोठा की गिल्मोर, यावर त्या पोरींसारख्या भांडल्या. बोलता बोलता गौरीने विचारलं, "तुझे मिस्टर नाही आले?"

"ते बाहेरगावी असतात," बाई म्हणाल्या. का म्हणाल्या, त्यांनाही सांगता येत नाही.

ऊन उतरताना केर्सी आला. म्हातारा झाला होता, पोट सुटलं होतं, स्टुलावर बसून वाजवत होता. मध्ये एक जागा तो विसरला, मान हलवून हसला, पुन्हा मागून वाजवत आला. मग त्याने एक सूर लावला आणि लावूनच ठेवला. बाई म्हणतात, "मनीषा, तेवढ्या वेळात मी कोणाचीच कोणी नव्हते. नुसती मी होते." त्या रडल्या. गौरीने त्यांचा हात धरला.

इकडे सिल्वासात मंगेशभाऊंना चैन पडेना. आजारी बहिणीचं करायचं, तिच्या घरचं बघायचं, एकटीला झेपेल का? फोनवर नीट ऐकू येत नाही, मग विचारणार कसं? त्यांनी रजा टाकली, बसने वापी गाठली, तिथून गाडीने बोरिवली. उतरल्यावर शहाळी घेतली आणि प्रमिलाच्या दारात उभे राहिले.

दार प्रमिलानेच उघडलं. "भावोजी! तुम्ही?"

"ताप उतरला का?"

"कसला ताप? मला कुठे काय झालंय?" आणि मग तिच्या तोंडून सगळं निघालं. ताई वांद्र्याला गेलीय, कार्यक्रमाला, तुम्हाला माहीत नाही?

प्रमिला सांगते, त्यांनी शहाळी तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "गर्दी असेल. येताना एकटी पडेल. मी घेऊन येतो." तिने पत्ता लिहून दिला. रिक्षा करून ते निघाले. प्रमिलाने बाईंना फोन लावले, पण त्या गिटारांमध्ये फोन कोणाला ऐकू येणार?

संधिप्रकाशात बाई त्या तिघींबरोबर फाटकातून बाहेर आल्या. चेहरा फुललेला. कुठेतरी कॉफी प्यायला जायचं ठरत होतं. इतक्यात मोठ्याने हाक आली, "शैला! ए शैला!"

लोक वळून बघायला लागले. रस्त्यापलीकडे मंगेशभाऊ उभे होते. कारखान्याचा निळा शर्ट, कानटोपी, खांद्याला कापडी पिशवी. हात वर करून हलवत होते.

"कोण गं ते?" गौरीने विचारलं.

"ओळखीचे आहेत," बाई म्हणाल्या. "आमच्या गावाकडचे. बहिणीने पाठवलं असेल मला न्यायला."

रस्त्यावर हॉर्न वाजत होते, माणसं बोलत होती. बाईंनी आवाज चढवला नव्हता. पण एक गोष्ट त्या विसरल्या. मशिनांच्या गदारोळात आयुष्य काढलेली माणसं कानाने ऐकत नाहीत, ओठांवरून वाचतात. मंगेशभाऊंचा वर केलेला हात खाली आला. रस्ता ओलांडून ते जवळ आले. तिघींना नमस्कार केला. आणि बाईंकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "चला बाई. प्रमिलाताईंनी पाठवलंय. रिक्षा थांबवून ठेवलीय."

बाई त्यांच्या मागोमाग गेल्या. वळून त्यांना सांगता आलं असतं, हे माझे यजमान आहेत म्हणून. त्या रिक्षात जाऊन बसल्या.

रिक्षात मंगेशभाऊंनी पिशवीतून बाईंचा स्वेटर काढून दिला. त्या "अहो" एवढंच म्हणाल्या. ते म्हणाले, "प्रमिला जेवायची थांबलीय." बस्स. प्रमिलाने ती शहाळी फोडून सगळ्यांना दिली. बाईंनी आपलं तसंच ठेवलं.

घरी आल्यावरही सगळं नेहमीसारखंच. सकाळचा चहा, डबा, राखोलीची पाळी. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटे. शाळेत त्या गिटारचं नाव काढीनाशा झाल्या. मी विचारलं, "कार्यक्रम कसा झाला?" तर म्हणाल्या, "झाला."

शेवटी एका रविवारी, भाजी निवडता निवडता, त्यांनी विषय काढला. नवऱ्यासमोर बसून, शब्द सावकाश उच्चारून. "मी तुम्हाला तिथे नाकारलं. आणि तुम्ही मला बाई का म्हणालात?"

"मग काय म्हणू? तू चारचौघींत तोंडघशी पडली असतीस."

"मला तुमची लाज वाटली हो."

मंगेशभाऊंनी हातातली भाजीची जुडी खाली ठेवली. "ते काय आज कळलं मला? शाळेच्या संमेलनाला तरी कधी नेलंस? आणि गावाकडचा म्हणालीस, तर मी आहेच गावाकडचा. त्याचं जाऊ दे. पण प्रमिला आजारी म्हणालीस ना, वाटेत माझ्या जिवाचं पाणी झालं. गणपतीला नारळ बोललो मी. आता तो फोडायचा की नाही, काय ते कळत नाही."

हे सांगून बाई मला म्हणाल्या, "मनीषा, रागावले असते तर मी उत्तर दिलं असतं गं. नारळाला काय उत्तर देऊ?"

त्यानंतर त्या मंगेशभाऊंना वापीला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. इतकी वर्षं आपल्याला ते सुचलं नव्हतं, याचीही त्यांना लाज वाटली. आता मंगेशभाऊंच्या कानात यंत्र असतं. फोनही घेतात. 'गाणं कधी सुरू होतं' या जुन्या किश्श्यावर शाळेत कोणी हसलं, तर बाई उठून वर्गावर निघून जातात.

परवा मधल्या सुट्टीत त्यांनी मला फोन दाखवला. गौरीने दोन वर्षांनी त्या दिवसाचे फोटो त्या चौघींच्या ग्रुपवर टाकले होते. एकात या चौघी फाटकाशी गळ्यात गळे घालून हसताहेत आणि मागे, रस्त्यापलीकडे, निळ्या शर्टातला एक माणूस नुकताच येऊन उभा आहे. बाईंनी त्याखाली लिहिलं होतं, "मागे उभे आहेत ते माझे यजमान, मंगेश."

गौरीचं उत्तर लगेच आलं होतं. "अगं, मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"काय लिहू?" बाईंनी मला विचारलं.

त्यांनी थोडा वेळ अक्षरं टाइप केली, पुसली, पुन्हा टाइप केली. मग न पाठवताच फोन पर्समध्ये ठेवला आणि सहावीच्या वह्या तपासायला घेतल्या.